पेटीतले पुस्तक आणि मिलिटरीचे गाव

साताऱ्याच्या एस. टी. स्टँडवर उभे राहून तुम्ही नुसते "अपशिंगे" म्हणालात, तर शेजारचा माणूस हमखास विचारील, "कुठलं? मिलिटरी का?" आपल्याकडे गावाच्या नावापुढे बुद्रुक येते, खुर्द येते, कसबा येतो. पण ज्याच्या नावाला 'मिलिटरी' असे शेपूट लागले आहे आणि त्याच नावाने जे ओळखले जाते, असे गाव विरळाच. त्या गावी तुम्हाला आज घेऊन जायचे आहे. आणि तिथून जवळच्या एका वाडीतही. कारण सांगायची गोष्ट खरी त्या वाडीतली आहे.

गाव साताऱ्यापासून फार लांब नाही. कराडकडे जाणारा हमरस्ता धरायचा आणि पुढे आत वळायचे. २०२५ च्या डिसेंबरात मी गेलो तेव्हा उसाला तोड आली होती. बैलगाड्या आणि ट्रॅक्टर वाढ्यासकट रस्ता अडवून चालले होते. सोयाबीन निघून गेलेल्या रानात हरभरा वीतभर झाला होता, आणि बांधाबांधाने आल्याचे गड्डे होते. तुमच्या-माझ्यासारखेच शेतकऱ्यांचे गाव. वेगळेपण कळते ते गावात शिरल्यावर, स्मारकापाशी.

सेहेचाळीस माणसे

पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८ या काळात झाले. त्या लढाईत या एका गावाचे ४६ जवान कामी आले. त्याची आठवण म्हणून इंग्रज सरकारने इथे स्मारक उभारले आणि गावाला 'मिलिटरी' हे नाव मिळाले.

४६ हा आकडा वाचून पुढे जाऊ नका. घटकाभर थांबा. आपल्या गावातली, आपल्या आळीतली घरे डोळ्यांसमोर आणा आणि त्यांतून ४६ कर्ते गडी वजा करा. पेरणीला कोण उभे राहील? मोट कोण हाकील? त्या काळी मराठ्यांच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात लढत होत्या. १९१५ च्या डिसेंबरात कुत या गावाला तुर्कांनी वेढा घातला. तो १९१६ च्या एप्रिलअखेरपर्यंत चालला. आत अडकलेल्यांत मराठ्यांच्या पलटणी होत्या. अन्न संपले, खेचरे आणि घोडी मारून खाल्ली, आणि शेवटी शरण जावे लागले. ज्या माणसाने सातारा ओलांडला नव्हता, तो तैग्रीस नदीच्या काठी उपाशी राहिला. इकडे त्याच्या बायकोने ज्वारीची कणसे खुडली आणि पत्राची वाट पाहिली.

दगडाचे स्मारक एकदा उभारले की शंभर वर्षे टिकते. मागे राहिलेल्या माणसाला मात्र दर महिन्याला पीठमीठ लागते. सैनिकाची आठवण ठेवणे आणि सैनिकाचे घर चालवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले सोपे आहे. दुसऱ्यासाठी कचेरी लागते, पैसा लागतो, आणि त्याहून अधिक म्हणजे सांगणारा माणूस लागतो.

पारावरची शाळा

अपशिंग्यात सांगणाऱ्यांची वाण नाही. घरटी एक तरी माणूस फौजेत, असे हे गाव अभिमानाने सांगते. पारावर बसलेल्या एका निवृत्त सुभेदारांशी माझी गाठ पडली. ताठ बसणे, पांढऱ्या मिशा, पायात मात्र वहाणा आणि हातात विळा. ते म्हणाले, "आमच्याकडं कुणाची पेन्शन अडकली तर रातच्याला चार जण चष्मा लावून कागद बघत बसत्यात. कुणी बेळगावला मराठा सेंटरला फोन लावतो, कुणी साताऱ्याला जातो. पोरगं सैनिकांच्या वसतिगृहात घालायचं, दवाखान्याचं कार्ड काढायचं, हे इथल्या बायकांनासुद्धा पाठ हाय."

ते खरेच आहे. साताऱ्यात सैनिकांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहे आहेत. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा दवाखाना आहे. ही योजना देशभर २००३ सालापासून सुरू झाली. देशातली पहिली सैनिक शाळासुद्धा १९६१ साली साताऱ्यातच निघाली. या सगळ्याची बातमी अशा गावात पाण्यासारखी पाटातून पाटात जाते. ती कोणाला शिकावी लागत नाही.

"पण आमच्या गावाचं सोडा," सुभेदार म्हणाले. "जिथं सगळा गाव फौजी, तिथं सगळ्यांना सगळं म्हाईत. ज्या वाडीतनं एकलाच गडी गेला, तिथं काय? चला, दावतो." आणि विळा पाराच्या कोनाड्यात ठेवून ते उठले.

वाडीतली आजी

दोन-तीन मैलांवरची ती वाडी. पंचवीस-तीस घरे. आजी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर. सुभेदारांना पाहून पदर सावरत म्हणाल्या, "या भाऊ. लई दिसानं वाट वाकडी केली."

त्यांचे मालक १९६३ साली भरती झाले. आदल्या वर्षी चीनशी लढाई झाली होती आणि फौजेत मोठी भरती निघाली होती. १९६५ च्या लढाईत ते होते. पुढे काही वर्षांनी इकडे वडील वारले. धाकटा भाऊ लहान, रान पडीक पडायला लागले. म्हणून त्यांनी स्वतःहून नाव कापून घेतले आणि घरी आले. नोकरी भरली नऊ वर्षे. जवानाला निवृत्तिवेतन मिळायला पंधरा वर्षांची नोकरी लागते. म्हणजे पेन्शन नाही. पुढे त्यांनी चाळीस वर्षे शेती केली आणि बारा वर्षांपूर्वी ते गेले.

"त्ये गेल्यावर एकडाव पोरानं एका हापिसात इचारलं हुतं," आजी म्हणाल्या. "तितल्या मानसानं सांगितलं, पेन्शन न्हाई म्हंजी काईच न्हाई. मग आमी नाद सोडला."

वाचकहो, या एका वाक्यासाठी मी हा सारा लेख लिहीत आहे. "पेन्शन नाही म्हणजे काहीच नाही" हे खोटे आहे. उलट ज्याला पेन्शन नाही त्याच्यासाठीच मुद्दाम एक अनुदान आहे. हवालदार किंवा त्याखालच्या दर्जाचा, निवृत्तिवेतन नसलेला माजी सैनिक असेल, किंवा त्याची विधवा असेल, आणि वय ६५ च्या पुढे असेल, तर हलाखीच्या परिस्थितीसाठी दरमहा मदत मिळू शकते. ती ४,००० रुपये होती. २०२५ च्या ऑक्टोबरात संरक्षणमंत्र्यांनी ती दुप्पट, म्हणजे ८,००० रुपये करायला मंजुरी दिली, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना नवा दर लागू झाला. आजींचे वय ६५ झाले त्याला नऊ वर्षे उलटली होती. नऊ वर्षे त्या दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होत्या.

"आजी, मालकांचे डिस्चार्ज पुस्तक आहे का?" मी विचारले.

आजी आत गेल्या. माळ्यावरून नातवाने पत्र्याची काळी पेटी उतरवली. तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव अजून वाचता येत होते. आत लग्नातला शालू, देवाचा टाक, दोन पदके आणि सर्वांत खाली फडक्यात बांधलेले पुस्तक. फडके सोडताना आजींचे हात थरथरले. "ह्याला मी कदी हात लावला न्हाई. त्ये म्हनायचे, हे माझं हाय."

सुभेदारांनी चष्मा लावला. एकेक पान उलटले. पान जाग्यावर होते, शिक्का होता. बायकोच्या नावाशी येऊन ते थांबले. पुस्तकात आजींचे माहेरचे नाव होते. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेले सासरचे नाव आधार कार्डावर होते. आपल्याकडची रीतच अशी. पण दूर पलटणीतल्या कारकुनाला ती काय ठाऊक? त्याने जे सांगितले ते लिहिले. आता कागदावर त्या दोन वेगळ्या बायका झाल्या होत्या.

साताऱ्याची कचेरी

सोमवारी आम्ही चौघे साताऱ्याला गेलो. आजी, नातू, सुभेदार आणि मी. पोवई नाक्यावर शिवाजी महाराजांचा पुतळा आला तशा आजींनी गाडीतूनच हात जोडले. मागे अजिंक्यतारा धुक्यात होता.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय ही कचेरी काय आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसते. ती मिलिटरीची नाही, तहसीलदाराचीही नाही. राज्य सरकारच्या सैनिक कल्याण विभागाची ती जिल्ह्यातली शाखा. या विभागाचे मुख्य कार्यालय पुण्यात आहे. तिच्या खर्चाची वाटणी ठरलेली आहे. आपल्यासारख्या राज्यांत १०० रुपयांतले ६० केंद्र सरकार देते आणि ४० राज्य सरकार. डोंगराळ व ईशान्येकडच्या राज्यांत केंद्राचा वाटा ७५ असतो. पूर्वी हा हिशेब निम्मा-निम्मा होता. दिल्लीत यावर केंद्रीय सैनिक बोर्ड देखरेख करते आणि संरक्षणमंत्री त्याचे अध्यक्ष असतात.

तेव्हा ध्यानात घ्या, सैनिकासाठीचे अनुदान दोन वाटांनी येते. एक वाट कचेरी चालवण्याची: साहेब, कारकून, फिरतीवर जाणारा माणूस. दुसरी वाट थेट घराची: ज्याला गरज आहे त्याच्या बँकेच्या खात्यात. पहिली वाट आटली तर दुसरीचे पाणी शेतात पोचत नाही. विहिरीला पाणी आहे आणि पाट फुटलेला आहे, अशी मग गत होते.

फिरतीवर जाणाऱ्या माणसाला 'कल्याण संघटक' म्हणतात. तो बहुधा स्वतःच माजी सैनिक असतो. आम्हाला भेटलेल्या संघटकांनी आजींना आधी खुर्ची दिली, पाणी दिले आणि मग पुस्तक मागितले. पाने पाहून ते म्हणाले, "आजी, तुमचा हक्क आहे. पण तीन गोष्टी कराव्या लागतील. पहिली, ही दोन्ही नावे एकाच बाईची आहेत याचे प्रतिज्ञापत्र आणि पुरावे. दुसरी, विधवा म्हणून आमच्या कार्यालयाचे ओळखपत्र. तिसरी, अर्ज. तो संगणकावर भरायचा असतो, आम्ही मदत करू."

"आन मागची नऊ वर्सं?" नातवाने विचारले.

संघटक क्षणभर गप्प राहिले. "मागचं मिळत नाही, बाळ. अर्जापासून पुढचं."

आजी काही बोलल्या नाहीत. त्यांनी पुस्तक पुन्हा फडक्यात बांधले.

तिथल्या बाकावर बसून मी आणखी माहिती विचारून घेतली, ती तुमच्या उपयोगी पडेल. हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाच्या दोन मुलांपर्यंत शिक्षणासाठी दरमहा मदत आहे; पहिलीपासून पदवीपर्यंत. तीही १,००० ची २,००० रुपये झाली. दोन मुलींपर्यंत लग्नासाठी, तसेच विधवेच्या पुनर्विवाहासाठी ५०,००० ऐवजी १,००,००० रुपये झाले. लग्नाचा अर्ज लग्नानंतर ठरलेल्या मुदतीतच करावा लागतो, नाहीतर संधी जाते. पेन्शन नसलेल्यांना औषधोपचारासाठी वेगळे अनुदान आहे. शिवाय आपल्या राज्याने २०२० साली माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना एका घराची ग्रामपंचायतीची घरपट्टी माफ केली आहे. सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला ग्रामसेवकाकडे द्यायचा. हेही वाडीत कोणी सांगितले नव्हते. बारा वर्षे आजी मुकाट घरपट्टी भरत होत्या.

झेंड्याचा पैसा

हा पैसा येतो कुठून? त्याचा काही भाग तुम्हीच दिलेला आहे. आठवते का, शाळेत गुरुजी डिसेंबरात छोटे कागदी झेंडे वाटायचे आणि छातीला टाचणीने लावायचे? लाल, गडद निळा आणि फिकट निळा: भूदल, नौदल आणि हवाई दल. ७ डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वज दिन. १९४९ सालापासून तो पाळला जातो. जिल्ह्याजिल्ह्यात कलेक्टर निधी उभा करतात. शाळा, कचेऱ्या, बँका, साखर कारखाने त्यात भर टाकतात. १९९३ साली निरनिराळे निधी एकत्र करून देशाचा एकच सशस्त्र सेना ध्वज दिन निधी करण्यात आला. वर सांगितलेले हलाखीचे, शिक्षणाचे आणि लग्नाचे अनुदान त्यातूनच दिले जाते. नव्या वाढीव दराने त्याचा खर्च वर्षाला सुमारे २५७ कोटी रुपये येईल, असे सरकारने जाहीर केले आहे.

याच निधीतून जायबंदी जवानांना सांभाळणाऱ्या संस्थांनाही मदत जाते. कधी पुण्याला गेलात तर खडकीची वाट धरा. तिथे १९७४ पासून कमरेखाली लुळे पडलेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर तुम्ही ऐकले असतील. १९६५ च्या लढाईत त्यांना गोळ्या लागल्या आणि पाय गेले. त्यांनी पाण्यात पोहून शरीर सावरले आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गला अपंगांच्या ऑलिंपिकात सुवर्णपदक आणले. जखमी माणसाला दया नको असते, त्याला उभे राहायला जागा हवी असते. ती जागा फुकट तयार होत नाही.

तेव्हा पुढच्या ७ डिसेंबरला पोर झेंडा घेऊन दारात आले, तर "दरसाल कसली वर्गणी?" म्हणू नका. पावती मात्र मागून घ्या.

परतताना

संध्याकाळी आम्ही अपशिंग्याला परतलो. हमरस्त्याच्या कडेला पोरे धावत होती. भरतीची तयारी. अंगावर बनियन, पायात जुने बूट, आणि मागे सायकलवर घड्याळ धरून बसलेला एक जण. २०२२ पासून भरती अग्निपथ योजनेने होते. चार वर्षांची नोकरी. त्यानंतर चारांतला फार तर एक जण कायम होतो. बाकीच्यांना सेवानिधी म्हणून एकरकमी पैसे मिळतात, पेन्शन नाही. त्या पोरांकडे पाहताना माझ्या डोळ्यांपुढे नऊ वर्षे भरून परत आलेला आजींचा मालक आला. ही पोरे चाळीस वर्षांनी कुठे असतील? त्यांच्या बायकांना कोण सांगेल, काय मिळते आणि काय मिळत नाही?

म्हणून वाचकहो, हा अंक खाली ठेवण्याआधी एवढे करा. तुमच्या घरात, भावकीत, शेजारात कोणी फौजेत होता का, ते आठवा. तो हयात असेल तर आजच पेटी उघडायला सांगा. पुस्तकात बायकोचे नाव आहे का, ते आधार कार्डाशी जुळते का, जन्मतारखा बरोबर आहेत का, मुलांची नावे चढली आहेत का, हे तपासा. चुकले असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्याच्या हयातीतच पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जाऊ द्या. मराठा पलटणीचे ते बेळगावला आहे, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, बॉम्बे इंजिनिअर्सचे खडकीला. जिवंत माणसाच्या एका सहीने जे होते, त्याला त्याच्या पश्चात बायकोला दहा खेटे घालावे लागतात. बँकेत दोघांचे जोडखाते ठेवा. आणि तो माणूस गेला असेल तर त्याच्या बायकोला घेऊन जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. एस. टी.चे तिकीट तुम्ही काढा. तेवढा मान तिचा आहे.

आजींना सोडायला आम्ही वाडीपर्यंत गेलो. अर्ज व्हायला अजून अवकाश होता. प्रतिज्ञापत्र झाले होते, ओळखपत्राचे कागद दिले होते. मंजुरी कधी येईल हे कोणीच सांगू शकत नव्हते. दारात उतरल्यावर आजींनी सुभेदारांना विचारले, "भाऊ, त्या पल्याडच्या वस्तीवर एक म्हातारी हाय. तिचा दादला बी मिल्ट्रीत हुता म्हनं. तिला सांगू का?"

"सांगा की," सुभेदार म्हणाले. "उद्याच सांगा."

आजींनी पुस्तक पेटीत ठेवले नाही. ते त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवले, हाताला येईल असे.